रामाजींची डबल घंटी

सोयरिकीला आलेल्या पोराला मुलीचा बाप काय विचारतो? पगार विचारतो, घर कोणाच्या नावावर आहे ते विचारतो, तंबाखू-सुपारीचा खर्रा खातो का ते विचारतो. रामाजी कंडक्टरांनी यातलं काही म्हणता काही विचारलं नाही. प्रीतम बिचारा आठ दिवस उत्तरं पाठ करून आला होता, खर्रा तर त्यानं दोन महिन्यांपूर्वीच सोडला होता, आणि ती सगळी मेहनत वाया गेली. रामाजींनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग उठून ते अंगणात गेले आणि त्याच्या मोटरसायकलला एक चक्कर मारली. दोन्ही आरसे हलवून पाहिले. मागचा लाल लाइट ब्रेक दाबल्यावर लागतो की नाही, हे बघायला बायकोला, पंचफुलाबाईंना, गाडीच्या मागे उभं केलं. लागला. मग म्हणाले की मंगळवारी सकाळी दहाला ये, मला कळमेश्वरला जायचं आहे, तुझ्या गाडीवर.

एवढंच. चहा झाला, चिवडा झाला, प्रीतम हात जोडून निघाला, आणि सोयरीक झाली की मोडली हे कोणालाच कळलं नाही.

हा प्रीतम मूळचा कन्हानचा. कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मशीनवर होता आणि तिथेच खोली करून राहायचा. कारखान्यात दर वर्षी कामगारांचं रक्त तपासतात, त्यासाठी लॅबमधून रामाजींची मुलगी रोशनी आली होती. तिनं सुई टोचली आणि हा पाच फूट अकरा इंचाचा गडी खुर्चीतून खाली आला. शुद्धीवर आल्यावर समोर रोशनी हसत होती. पुढचं सांगायची गरज नाही, दोघांचं जमलं. घरच्यांचंही बहुतेक जमत आलं होतं. पंचफुलाबाईंना पोरगा आवडला होता, कारण त्यानं चिवड्याची प्लेट स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवली होती. राहिले होते ते फक्त रामाजी.

आणि रामाजी म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण माणूस अजून घंटीवरच चालायचा. घरात कोणाला थांब म्हणायचं असलं की ते दारावर, टेबलावर, ताटावर एकदा टिचकी मारत. जा म्हणायचं असलं की दोनदा. पंचफुलाबाई म्हणायच्या की लग्नाला पस्तीस वर्षं झाली, या माणसानं मला जेवायला वाढ असं तोंडानं कधी म्हटलं नाही, ताटावर डबल मारली.

सोमवारी संध्याकाळी रोशनीचा फोन आला. तिनं प्रीतमला नीट समजावलं. बाबांना बँकेत हयातीचा दाखला द्यायचा आहे, दर नोव्हेंबरला द्यावा लागतो, माणूस जिवंत आहे हे मशीनसमोर बसून सिद्ध करावं लागतं तेव्हा पेन्शन चालू राहते. ते काम तर आहेच. पण खरं कारण दुसरं आहे. चार वर्षं झाली, बाबा कोणाच्याही मोटरसायकलवर बसले नाहीत. ओमप्रकाशकाका गेले तेव्हापासून.

ओमप्रकाश हा रामाजींचा ड्रायव्हर. एकोणीस वर्षं दोघं एका गाडीवर होते, एक पुढे, एक मागे. एकोणीस वर्षांत त्या गाडीनं कोंबडीसुद्धा मारली नाही. निवृत्त झाल्यावर ओमप्रकाशनं हौसेनं मोटरसायकल घेतली, आणि एक दिवस कुटाराच्या ट्रॉलीला ओलांडायला गेला तो समोरून येणाऱ्या टेम्पोवर. कुटार म्हणजे सोयाबीनचा भुसा, जनावरांसाठी ट्रॉलीत डोंगरासारखा भरतात, दोन्ही बाजूंनी हात-हात भर बाहेर लोंबतो. त्याच्या मागे असलेल्याला समोरचं काही म्हणता काही दिसत नाही. ओमप्रकाशलाही दिसलं नसणार.

रोशनी म्हणाली, "बाबा एकच पाहतात. समोर सुस्त गाडी आली का तू काय करतं. बस."

प्रीतमनं त्या रात्री जेवण अर्ध्यावर सोडलं.

मंगळवारी दहाला पाच कमी असताना तो बोडखी पारडीला हजर झाला. रामाजींचं हे गाव कळमेश्वरपासून सतरा किलोमीटर. रामाजी तयार होऊन ओट्यावर बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात कागदांची पिशवी. प्रीतमनं "जय भीम काकाजी" म्हणून दुसरं हेल्मेट पुढे केलं. सासऱ्याला इकडे मामाजी म्हणतात, पण तेवढी हिंमत अजून नव्हती. हेल्मेट नवं कोरं होतं, रविवारी नागपूरला जाऊन खास आणलेलं. रामाजींनी ते घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं, डोक्यात घातलं, पट्टा लावला, आणि पट्टा लावून झाल्यावर जे बोलले ते आतल्या आत घुमलं, बाहेर काही आलं नाही. त्यांनी हेल्मेट काढलं.

"याच्यात बोललेलं आयकू येनार नाई," ते म्हणाले. "म्हनून आपली घंटी चालन. तुह्या खांद्यावर एक मारली का थांबाचं, पुढं काढाची नाई. डबल मारली का निघाचं. एकतीस वर्षं माह्या डबलच्या आधी गाडी निघाली नाई आन् डबल देल्ल्यावर उभी राह्यली नाई. ज्यानं माही घंटी मोडली, त्याच्या घरी माही पोरगी जानार नाई."

आता याला काय म्हणावं? दारात पंचफुलाबाई उभ्या होत्या, त्यांनी कपाळाला हात लावला. रोशनी त्यांच्या मागे होती, तिनं प्रीतमकडे पाहून डोळे मोठे केले. त्याचा अर्थ सांभाळ असाही होत होता आणि मेलास असाही होत होता. प्रीतमनं "हाव काकाजी" म्हटलं आणि किक मारली. गाडीला सेल्फ होता, पण घाबरलेल्या माणसाचा पाय आधी चालतो.

गाडी जागची हलणार तेवढ्यात त्याला आठवलं. तो थांबला. वाट पाहत राहिला. मागून खांद्यावर दोन बोटं पडली, टक् टक्, तेव्हा त्यानं क्लच सोडला. मागे हेल्मेटच्या आत रामाजी खूश झाल्याचा एक हुंकार आला, किंवा प्रीतमला तसं वाटलं.

सुरुवात छान झाली. गावाबाहेर दोन किलोमीटरवर संत्र्याचा टेम्पो भेटला. क्रेट वर क्रेट रचलेले, दर खड्ड्याला नाचणारे, आणि टेम्पो चालला होता पंचवीसच्या वेगानं. प्रीतमनं घाई केली नाही. चिकटलाही नाही, चांगलं अंतर ठेवून मागे राहिला, म्हणजे टेम्पोच्या बाजूनं पुढचा रस्ता दिसत राहील. टेम्पोवाल्यानं आरशात पाहिलं आणि उजवा लाइट लावला. लुकलुक, लुकलुक.

इथे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचा घोटाळा समजणार नाही. आमच्या इकडे रस्त्यावर पुढच्या गाडीनं उजवा लाइट लावला की त्याचा अर्थ होतो, जा बापा पुढे, रस्ता मोकळा आहे. आणि त्याचा अर्थ असाही होतो की मी उजवीकडे वळतो आहे, खबरदार. एकच दिवा, एकच बाजू आणि अर्थ दोन, एकमेकांच्या अगदी उलट. कायद्याच्या पुस्तकात काय लिहिलं आहे ते पुस्तकालाच माहीत. इथल्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो की समजते ना. कसं समजते, ते कोणी सांगत नाही.

या वेळी समजलं. टेम्पोवाल्यानं लाइटच्या जोडीला खिडकीतून हातही हलवला. मागून डबल पडली. प्रीतमनं समोर पाहिलं, आरशात पाहिलं, हॉर्न दिला आणि भरपूर बाजू सोडून टेम्पो ओलांडला. मग आरशात टेम्पो पूर्ण दिसेपर्यंत डावीकडे आला नाही. रामाजींनी हुंकार दिला. या वेळी नक्की दिला. प्रीतमच्या डोळ्यांसमोर मांडव उभा राहिला, मांडवात रोशनी पांढऱ्या साडीत उभी होती, आणि त्याला वाटलं की हे तर फारच सोपं आहे.

पुढच्याच वळणावर कुटाराची ट्रॉली दिसली.

ट्रॉली कसली, चालता-फिरता डोंगर. वर जाळी बांधलेली, जाळीतून दोन्ही बाजूंनी कुटार फुगून बाहेर आलेलं, खाली अर्धा रस्ता व्यापलेला. ट्रॅक्टर पुढे होता असं मानायचं, कारण तो दिसत नव्हता, फक्त त्यावर लागलेली गाणी ऐकू येत होती. वेग बारा. फार तर चौदा. वाऱ्यानं कुटाराचे कण मागे उडत होते आणि काळ्या डांबरावर एक पिवळी रेघ पडत चालली होती. खांद्यावर रामाजींचा हात येऊन बसला. त्या हाताचं वजन वाढलं, हे प्रीतमला शर्टातून कळलं.

मग सुरू झाले त्या दोघांच्या आयुष्यातले सगळ्यांत लांब सात किलोमीटर. रस्ता अरुंद, पावसानं खाल्लेल्या कडा. जरा सरळ आला की पूल, पूल संपला की वळण, वळण संपलं की समोरून एमआयडीसीचा ट्रक. प्रीतम दर वेळी थोडा उजवीकडे सरकून बघायचा आणि मागून एक पडायची. टक्. तो परत मागे. पुन्हा सरकला, टक्, पुन्हा मागे. एकदा तर तो फक्त खांदा खाजवायला हलला, तरी टक्. हेल्मेटच्या काचेवर कुटार, मानेत कुटार, शर्टाच्या आत कुटार. खाज सुटली तर खाजवायची सोय नाही, कारण घंटी बसत होती. मागे रामाजी शिंकत होते. हेल्मेटच्या आत शिंकायचं म्हणजे काय होतं ते ज्याचं त्याला माहीत.

मागून एक स्कूटीवाली आली, तिनं हॉर्न दिला, या दोघांकडे कीव करून पाहिलं आणि वळणावरच ट्रॉली ओलांडून निघून गेली. प्रीतमला लाज वाटली. सत्तावीस वर्षांचा गडी आणि कुटाराच्या मागे वरातीसारखा चालला आहे. पण लग्न करायचं होतं, म्हणून चालत राहिला.

गंमत पुढे आहे. प्रीतम थंड होत गेला आणि रामाजी तापत गेले. बँकेत दाखल्याचं मशीन ज्या बाईंकडे होतं त्या दर मंगळवारी अकरापर्यंतच बसत, नंतर दुसऱ्या शाखेत जात. आरशात प्रीतमला दिसत होतं, रामाजी मनगट वर करून घड्याळ बघत होते. आधी दर पाच मिनिटांनी, मग दर मिनिटाला. दहा वाजून पस्तीस. दहा अडतीस. हा माणूस एकतीस वर्षं टाइमटेबलवर जगला होता. त्याच्या अंगात उशीर सहन करायची जागाच नव्हती.

आणि मग रस्ता सरळ झाला. चांगला अर्धा किलोमीटर. पूल नाही, वळण नाही, समोरून कोणी नाही. त्याच वेळी ट्रॅक्टरचा उजवा लाइट लागला. लुकलुक, लुकलुक.

खांद्यावर डबल पडली. टक् टक्.

प्रीतमनं गिअर बदलला. हॉर्नवर अंगठा ठेवला. उजवीकडे सरकला आणि सवयीनं रस्त्यावर पाहिलं. आणि थबकला.

रस्त्यावर कुटाराच्या दोन रेघा होत्या. एक आता पडत होती, ट्रॉलीच्या मागे, ताजी. दुसरी आधीपासून पडलेली होती, चाकांखाली चेंगरून मळलेली. म्हणजे ही ट्रॉली सकाळपासून एक खेप करून आली होती. आणि ती जुनी रेघ समोर सरळ जात नव्हती. तीसेक पावलांवर, एका बाभळीपाशी, ती रस्ता सोडून उजवीकडे वळली होती, शेतात जाणाऱ्या पांदणीत. रामाजींना हे दिसणं शक्य नव्हतं. ते बसक्या बांध्याचे, त्यांच्यासमोर प्रीतमची पाठ होती, त्यावर हेल्मेट होतं, आणि त्यांचं लक्ष घड्याळात होतं.

प्रीतमनं रेस सोडली.

टक् टक्. जोरात. प्रीतम मागेच राहिला. टक् टक्. आता ती टिचकी नव्हती, ते धपाटे होते. रामाजी हेल्मेटच्या आत काहीतरी ओरडत होते. प्रीतमला सगळं समजत होतं. एकतीस वर्षांत डबल दिल्यावर उभी राहिलेली पहिली गाडी आपली आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. रोशनी त्याच्या डोळ्यांसमोरून गेली, मांडव गेला, पांढरी साडी गेली. त्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं. पण हात ब्रेकवरून हटला नाही. त्यानं गाडी डाव्या कडेला घेतली आणि पाय टेकून उभी केली.

आणि ट्रॅक्टर वळला. हात नाही, मागे वळून बघणं नाही, बाभळीपाशी सरळ उजवीकडे. मागोमाग ट्रॉली वळली, तिनं अख्खा रस्ता आडवा केला, कुटाराचा डोंगर उजवीकडे कलला, आणि जिथे आत्ता हे दोघं असते त्या जागेवरून ट्रॉलीचं मोठं चाक सावकाश फिरून गेलं. जाळी बाभळीला अडकून फाटली. दोन पोती होतील एवढं कुटार वाऱ्यानं उडून या दोघांच्या अंगावर येऊन पडलं.

गाणी बंद झाली. सगळं शांत झालं. प्रीतमच्या खांद्यावरचा हात आता मारत नव्हता, त्यानं शर्ट मुठीत धरला होता.

ट्रॅक्टरवाला खाली उतरला. गोविंदा त्याचं नाव, गळ्यात दुपट्टा, चेहरा अगदी निष्पाप. रामाजी गाडीवरून उतरले, हेल्मेट काढलं आणि कुटार झटकायचं विसरून सरळ त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. आवाज कंडक्टरचाच होता. त्यांनी विचारलं की वळायच्या आधी सांगायला काय होतं.

"लाइट तं देल्ली होती ना काकाजी," गोविंदा म्हणाला.

"ते लाइट साइडची होती का वळाची?"

"वळाची."

"आन् साइड देतं तवा कोनती देतं?"

"तेच."

"मंग मानसाले समजाचं कसं?"

गोविंदानं यावर खरोखर विचार केला. मग प्रीतमकडे बोट दाखवून म्हणाला, "ज्याले समजते त्याले समजते. याले समजलं ना."

रामाजींचा हात खिशाच्या पेनाकडे गेला आणि रिकामाच परत आला. एकतीस वर्षांत विनातिकीट माणसासमोर सुद्धा असं झालं नव्हतं. गोविंदानं जाळी बांधली, गाणी पुन्हा लावली आणि तो पांदणीनं निघून गेला.

रामाजी रस्त्याच्या कडेला किलोमीटरच्या दगडावर बसले. प्रीतमनं पाण्याची बाटली दिली. त्यांनी दोन घोट घेतले. अकरा वाजायला पंधरा मिनिटं होती, पण आता त्यांनी घड्याळ पाहिलं नाही. मग हळूच विचारलं की तुला कसं कळलं. प्रीतमनं ती मळलेली रेघ दाखवली. ते उठून रेघेपर्यंत चालत गेले, वाकून तिला बोट लावलं आणि परत येऊन बसले.

"काकाजी, मी घंटी मोडली," प्रीतम म्हणाला. त्याला वाटलं, आपणच सांगितलेलं बरं.

रामाजींनी मान हलवली. मग जे बोलले ते प्रीतमला बोलले की स्वतःला, हे कळणं कठीण होतं.

"ओमप्रकाशच्या मांगं मी बसलो असतो तं एक घंटी देल्ली असती आन् तो वाचला असता. चार वर्षं झाली, मी हेच म्हनून राह्यलो. पंचफुलाले म्हनलं, पोरीले म्हनलं, साऱ्या गावाले म्हनलं. आज मी मांगं होतो. आन् मी डबल देल्ली."

त्यांचे डोळे भरून आले. ते म्हणाले की कुटार गेलं डोळ्यांत. प्रीतमनं हाव म्हटलं. कुटार त्याच्याही डोळ्यांत गेलं होतं.

बँकेत पोहोचले तेव्हा अकराला दोन मिनिटं कमी होती. मशीनवाल्या बाई पर्स उचलून उभ्या राहिल्या होत्या, या दोघांना पाहून परत बसल्या. शेतातलं बुजगावणं चालत यावं तसे रामाजी दिसत होते. केसात कुटार, भुवयांत कुटार, इस्त्रीच्या शर्टाची तर बातच सोडा. बाईंनी अंगठा ठेवायला सांगितलं. मशीननं नाही म्हटलं. एकतीस वर्षं तिकिटं फाडून त्या अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. दुसरा अंगठा, तोही नाही. मग बाईंनी मोबाइल धरला आणि चेहरा दाखवून पापण्या मिचकावायला सांगितल्या. रामाजींनी मिचकावल्या. मोबाइल म्हणाला, चेहरा ओळखता येत नाही. प्रीतमनं रुमाल ओला करून त्यांचं तोंड पुसलं, भुवया झटकल्या, कानामागचं कुटार काढलं. पोराचं तोंड पुसावं तसं. रामाजी एकदा सुद्धा नको म्हणाले नाहीत.

चौथ्या वेळेला मोबाइलनं मान्य केलं. बाईंनी सुटकेचा श्वास टाकला आणि सरकारी पद्धतीनं विचारलं, "रामाजीकाका, तुम्ही स्वतः हजर आहात, हयात आहात. बरोबर?"

"हाव," रामाजी म्हणाले. "आज याच्यामुळे."

बाईंना वाटलं, गाडीवर आणलं म्हणून म्हणताहेत. त्यांनी शिक्का मारला.

परतीच्या रस्त्यावर रामाजींनी एकही घंटी दिली नाही. एक नाही, डबल नाही, काहीच नाही. वाटेत बैलबंडी भेटली, पाण्याचा टँकर भेटला, म्हशींचा कळप भेटला. प्रीतम थांबला, बघितलं, निघाला. मागे रामाजींचे दोन्ही हात मांडीवर, पिशवी कुशीत. आता तुम्हीच सांगा, पोरानं काय समजावं? बँकेत एक चांगला शब्द बोलले ते खरं, पण जीव वाचवणाऱ्याचे आभार मानणं वेगळं आणि त्याला पोरगी देणं वेगळं. सकाळी काय म्हणाले होते, तेही त्याच्या कानात होतं. या माणसानं शब्द फिरवल्याचं गावात कोणी ऐकलं नव्हतं. बाभळीपाशी आल्यावर तर प्रीतमनं तिकडे पाहिलंच नाही.

अंगणात पोहोचले तेव्हा साडेबारा वाजत आले होते. पंचफुलाबाई आणि रोशनी धावत ओट्यावर आल्या आणि दोघांची दशा पाहून तिथेच थांबल्या. रामाजी उतरले. हेल्मेट काढून प्रीतमच्या हातात दिलं, हौदाकडे गेले आणि तोंडावर पाणी मारत बसले. रोशनीनं डोळ्यांनीच विचारलं, काय झालं? प्रीतमनं मान खाली घातली आणि सांगितलं, घंटी मोडली. रोशनीचं तोंड उतरलं. पंचफुलाबाईंनी, या बुढ्याच्या घंटीले आग लागो, असं काहीतरी पुटपुटलं आणि पदर खोचून त्या आत गेल्या.

प्रीतमनं दुसरं हेल्मेट आरशाला अडकवलं. गाडी वळवली. दाराकडे एकदा पाहिलं, रोशनीकडे पाहण्याची काही हिंमत झाली नाही. चावी लावली.

मागून पाठीवर ओले हात पडले. टक् टक्.

तो वळला. रामाजी उभे होते, चेहऱ्यावरून पाणी निथळत होतं. त्यांनी मोटरसायकलकडे पाहिलंही नाही. बोट घराच्या दाराकडे केलं आणि पाठीवर पुन्हा मारली. टक् टक्.

डबल. घरात जा म्हणून डबल.

आता दुसरा कोणी असता तर तीन ढांगांत आत गेला असता. प्रीतम गाडीवरून उतरला, दारापर्यंत गेला आणि उंबऱ्याच्या अलीकडे थांबला. त्यानं आत पाहिलं. अंधाऱ्या माजघरातून पंचफुलाबाई येत होत्या, हातात वरणाचं काठोकाठ भरलेलं गरम पातेलं, पायाखालचं काही दिसत नाही, अगदी सावकाश. तो बाजूला सरकला, त्यांना जाऊ दिलं. मग पुन्हा आत पाहिलं.

रोशनीला राहवलं नाही. ती म्हणाली, "बाबांनी डबल देल्ली ना, मंग काहून उभा आहेस?"

"पाहू दे वं त्याले," मागून रामाजी म्हणाले. "घंटी मी देल्ली, दार त्याच्यासमोर आहे. जवाई पाहूनच निघते."

प्रीतमनं एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. रस्ता मोकळा होता.

"येतो मामाजी," तो म्हणाला आणि आत गेला.